दोघांत तिसरा का टिकत नाही?

नाशिक लोकसभा मतदारसंघात २००९ साली तिरंगी लढत झाली. राष्ट्रवादी काँग्रेसचे समीर भुजबळ सुमारे २२ हजार मतांनी विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर होते महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे हेमंत गोडसे. पक्षाची स्थापना होऊन अवघी तीन वर्षे झाली असताना त्यांनी दोन लाखांहून अधिक मते मिळविली आणि शिवसेनेला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मनसेचे राज्यात तेरा आमदार निवडून आले. त्यांपैकी तिघे एकट्या नाशिक शहरातील होते. २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ जागांपैकी ४० जागा जिंकून मनसे सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि शहराला मनसेचा महापौर मिळाला. महाराष्ट्राच्या राजकारणात तिसऱ्या शक्तीचा उदय झाला, असे तेव्हा अनेकांनी लिहिले.

पुढे काय झाले, ते सर्वश्रुत आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत हेच हेमंत गोडसे शिवसेनेचे उमेदवार म्हणून छगन भुजबळ यांचा पराभव करून खासदार झाले आणि मनसेच्या उमेदवाराची मते साठ-पासष्ट हजारांवर आली. त्याच वर्षी शहरातील तिन्ही विधानसभा मतदारसंघ भारतीय जनता पक्षाकडे गेले. २०१७ मध्ये महापालिकेत मनसेचे पाचच नगरसेवक उरले. २०१९ ची लोकसभा निवडणूक तर पक्षाने लढविलीच नाही.

या घसरणीची कारणे सांगताना नेतृत्वाच्या चुका, महापालिकेतील कारभार, कार्यकर्त्यांची गळती, २०१४ ची मोदी लाट असा पाढा वाचला जातो. ती कारणे खोटी नाहीत. पण उत्साहाने उभा राहिलेला तिसरा पक्ष दोन-तीन निवडणुकांत विरून जातो, हा अनुभव केवळ नाशिकचा नाही. ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांतही तो आला आहे. माणसे वेगळी, प्रश्न वेगळे, भाषा वेगळी. तरीही परिणाम सारखा. मग कारणही सर्वत्र समान असले पाहिजे. ते मते मोजण्याच्या पद्धतीत सापडते.

मोजणीचा नियम

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. समजा, एका मतदारसंघात एक हजार मते पडली. पहिल्या उमेदवाराला ४००, दुसऱ्याला ३५० आणि तिसऱ्याला २५० मिळाली. पहिला निवडून आला. सहाशे मतदारांनी त्याला मत दिलेले नाही. तरी प्रतिनिधी तोच. तिसऱ्या उमेदवाराच्या अडीचशे मतांमधून काहीच निष्पन्न झाले नाही. तो उभाच राहिला नसता, तर त्या मतांमुळे कदाचित निकाल फिरला असता.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या राजकीय पक्षांवरील ग्रंथात या गोष्टीची मांडणी केली. एका फेरीत, साध्या बहुमताने, एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडण्याची पद्धत असेल, तर राजकारण दोन पक्षांकडे झुकू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. राज्यशास्त्रात हे ‘द्युव्हर्जे यांचा नियम’ म्हणून ओळखले जाते. त्यांनी या झुकण्याची दोन कारणे सांगितली. पहिले यांत्रिक: तिसऱ्या पक्षाला मते मिळतात, पण त्या प्रमाणात जागा मिळत नाहीत. दुसरे मानसिक: हे एकदा लक्षात आले की पुढच्या वेळी मतदार स्वतःच सावध होतो.

हा मानसिक परिणाम अधिक खोलवर जातो. वर उल्लेखिलेल्या अडीचशे मतदारांपैकी शंभर जणांना पहिला उमेदवार मुळीच नको असेल, तर पुढच्या निवडणुकीत ते काय करतील? मनात तिसरा असला तरी मत दुसऱ्याला देतील. ‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येते, त्याचे मूळ येथे आहे. मतदारांच्या पाठोपाठ देणगीदार आटतात, कार्यकर्ते पांगतात. शेवटी उमेदवारही हिशेब करतात. नाशिकमध्ये मनसेत वाढलेली अनेक मंडळी पुढे शिवसेनेत किंवा भाजपमध्ये गेली, याला निष्ठेचा अभाव हे एक स्पष्टीकरण झाले. दुसरे असे, की निवडून यायचे असेल तर पहिल्या दोघांपैकी एक व्हावे लागते, हे त्यांना उमगले होते.

अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि त्यावर जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. तेथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्यांतील बहुतेक मतदारांना बुश यांच्यापेक्षा अल गोर जवळचे होते, असे मानले जाते. त्यानंतर कित्येक वर्षे तिसऱ्या उमेदवाराचा विषय निघाला की अमेरिकी मतदार फ्लोरिडाची आठवण काढत. महाराष्ट्रात २००९ मध्ये मुंबईतील सहाही लोकसभा जागा काँग्रेस आघाडीने जिंकल्या, तेव्हा मनसेने युतीची मते खाल्ली, अशी चर्चा अशीच रंगली होती.

मग भारतात दोनच पक्ष का नाहीत?

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. नियम जर इतका प्रभावी आहे, तर भारतात इतके पक्ष कसे? नियम एकेका मतदारसंघापुरता लागू होतो, हे त्याचे उत्तर आहे. प्रत्येक मतदारसंघात पहिले दोघे उरतात. पण ते दोघे सगळीकडे तेच असतील, असे नाही. केरळमध्ये एक जोडी, तमिळनाडूत दुसरी, पश्चिम बंगालमध्ये तिसरी. मत एकाच ठिकाणी एकवटलेला छोटा पक्ष टिकतो. तेवढीच मते राज्यभर विखुरलेला पक्ष संपतो. ब्रिटनच्या २०२४ मधील निवडणुकीत याचे लख्ख उदाहरण दिसले. रिफॉर्म पक्षाला सुमारे १४ टक्के मते आणि पाच जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट्स पक्षाला त्याहून कमी, सुमारे १२ टक्के मते आणि ७२ जागा मिळाल्या. मजूर पक्षाने तर सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या.

अर्थात हा नियम म्हणजे गुरुत्वाकर्षण नव्हे. ब्रिटनमध्येच १९५१ साली दोन मोठ्या पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते पडली होती. २०२४ मध्ये हा वाटा साठ टक्क्यांच्याही खाली आला. जुन्या दोघांवरचा विश्वास उडाला की तिसरा उठतो. परंतु तो एक तर जुन्यांपैकी एकाची जागा घेतो, किंवा पुन्हा बाजूला फेकला जातो. तिघे दीर्घकाळ समान बळाने उभे राहिले, असे या पद्धतीत क्वचितच घडते.

महाराष्ट्राचे उत्तर: आघाडी आणि युती

महाराष्ट्रात दोन पक्ष झाले नाहीत, तर दोन गट झाले. त्याचा पहिला मोठा धडा संयुक्त महाराष्ट्र समितीने दिला. १९५६ साली स्थापन झालेल्या समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एकत्र आले. काँग्रेसविरोधी मते फुटू द्यायची नाहीत, हे त्यांचे सूत्र होते. १९५७ च्या निवडणुकीत त्याचा परिणाम पश्चिम महाराष्ट्रभर दिसला. नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. काळाराम मंदिर सत्याग्रहात अग्रभागी असलेल्या या नेत्याचा पक्ष स्वबळावर लहान होता. समितीच्या एकास एक लढतीने त्याला विजयाच्या टप्प्यात आणले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, समितीला बांधून ठेवणारा प्रश्न संपला आणि समिती विस्कटली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. विरोधकांची मते नाहीशी झाली नव्हती. ती विभागली गेली होती.

नंतरचा इतिहास याच सूत्रावर वाचता येतो. १९९० मध्ये शिवसेना आणि भाजप यांनी युती करून विधानसभेच्या ९४ जागा जिंकल्या आणि १९९५ मध्ये सत्ता मिळविली. १९९९ मध्ये काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेली राष्ट्रवादी काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, पण निकालानंतर सत्तेसाठी एकत्र आल्या. २००४ आणि २००९ मध्ये त्या एकत्रच लढल्या. २०१४ मध्ये चारही पक्षांनी विधानसभेसाठी स्वबळ आजमावले. भाजप १२२ जागांसह पुढे निघून गेला आणि पाच वर्षांनी जुने जोडीदार पुन्हा एकत्र आले. २०१९ नंतर शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. चाराचे सहा पक्ष झाले. तरी गट दोनच राहिले, महायुती आणि महाविकास आघाडी. सहा मोठे पक्ष असलेल्या राज्यात मतदारासमोर येणारे खरे पर्याय दोन, ही या मोजणीची किमया आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या आणि आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ४६. पाच-सहा महिन्यांपूर्वी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा याच आघाडीने जिंकल्या होत्या. मतांमधील बदलापेक्षा जागांमधील बदल किती तरी मोठा असतो, हेही या पद्धतीचे वैशिष्ट्यच होय.

निवड कोण करतो?

दोन पर्याय असणे स्वतःत वाईट नाही. सरकार स्थिर राहते, जबाबदारी कोणाची ते कळते, नको असलेल्यांना घरी पाठविणे सोपे जाते. प्रश्न आहे तो हे दोन पर्याय ठरवितो कोण, हा.

अमेरिकेत दोन पक्षांचे वर्चस्व आपल्यापेक्षाही घट्ट आहे. पण तेथे पक्षाचा उमेदवार कोण, हे बहुतांश ठिकाणी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार ठरवितात. म्हणून असंतुष्टाला नवा पक्ष काढण्याची गरज भासत नाही. तो आहे त्या पक्षात शिरून उमेदवारी जिंकू शकतो. दरवाजे दोनच असले, तरी ते आतून उघडता येतात.

आपल्याकडे तसे नाही. मतदारसंघ कोणत्या पक्षाला सुटणार, हे जागावाटपाच्या बैठकीत ठरते आणि उमेदवार कोण, हे पक्षश्रेष्ठी ठरवितात. नाशिककरांनी याचा अनुभव २०२४ मध्ये घेतला. महायुतीत नाशिकच्या जागेवर तिन्ही पक्षांचा डोळा होता. छगन भुजबळ यांनी एप्रिलमध्ये आपण स्पर्धेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि हेमंत गोडसे यांची उमेदवारी घोषित झाली ती १ मे रोजी. मतदान होते २० मे रोजी. निकालात ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे सुमारे १ लाख ६२ हजार मतांनी जिंकले. मतदाराने आपला कौल दिला, हे खरे. पण तो ज्या दोन नावांमध्ये द्यायचा, ती नावे निश्चित होत असताना त्याला विचारणारे कोणी नव्हते.

मतदार हा निर्णय उलथवू शकतो काय? कधी कधी शकतो. त्याच निवडणुकीत सांगलीची जागा आघाडीने शिवसेनेच्या ठाकरे गटाला दिली. काँग्रेसचे विशाल पाटील यांनी अपक्ष म्हणून उभे राहून ती जिंकली आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. खरी लढत कोणा दोघांत आहे, हे सांगलीच्या मतदारांनी स्वतः ठरविले. पण त्यासाठी घराण्याचे नाव, जुनी संघटना आणि स्थानिक पक्षाची सहानुभूती हे सारे पाठीशी लागले. सामान्य कार्यकर्त्याला हे जमण्यासारखे नाही. नाशिकमध्येच २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली. एवढ्या मतदारांच्या म्हणण्याचा निकालावर तसूभरही परिणाम झाला नाही.

दुसरा मार्ग होता काय?

होता, आणि त्याची चर्चाही आपल्याकडे झालेली आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी करणारी दुरुस्ती मांडली. मतांच्या प्रमाणात जागा, असे तिचे तत्त्व. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशातील साक्षरता पाहता ही पद्धत मतदारांना झेपणार नाही आणि विधिमंडळात अनेक गट होऊन सरकार अस्थिर होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

परंतु एकसदस्यीय मतदारसंघाने लहान समाजांचे काय होते, याची बोच त्यांना होतीच. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यात संचित मतदान, असा उपाय सुचविला. संचित मतदान म्हणजे मतदाराला जितक्या जागा तितकी मते. ती त्याने वाटून द्यावीत किंवा सगळी एकाच उमेदवाराला द्यावीत. त्यामुळे संख्येने लहान पण एकजूट असलेला गट आपल्या एका माणसाला निवडून आणू शकतो. ही कल्पना हवेतली नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्यीय मतदारसंघांत हीच पद्धत होती आणि आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला तिचा लाभ झाला. दादासाहेब गायकवाड त्याच निवडणुकीत पहिल्यांदा प्रांतिक विधानसभेत गेले. एकाच नेत्याला १९३७ मध्ये अनुकूल मतदानपद्धतीत आणि १९५७ मध्ये व्यापक आघाडीमुळे यश मिळावे, हा योगायोग बोलका आहे.

येथे वाचकांच्या मनात महापालिकेचे प्रभाग आले असतील. नाशिकमध्ये २०१७ साली ३१ प्रभाग होते, त्यांतील २९ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. बहुसदस्यीय प्रभाग म्हणजे आंबेडकरांनी सुचविलेलीच व्यवस्था, असा समज होऊ शकतो. परंतु दोहोंचा परिणाम नेमका उलटा आहे. प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळी लढत होते आणि मतदाराला प्रत्येक जागेवर एकच मत देता येते. चारही मते एकाला देता येत नाहीत. परिणामी मोठ्या प्रभागात ज्या पक्षाची हवा, त्याचे चौघेही निवडून येण्याची शक्यता वाढते आणि आपल्या गल्लीत कामाने ओळखला जाणारा अपक्ष किंवा लहान पक्षाचा कार्यकर्ता मागे पडतो. २०१२ मध्ये, दोन सदस्यांचे प्रभाग असताना, नाशिकमध्ये कोणालाच बहुमत मिळाले नव्हते. २०१७ मध्ये भाजपने ६६ जागा जिंकून स्पष्ट बहुमत मिळविले. या बदलाला पक्षाची वाढलेली ताकद कारण होतीच, पण प्रभागाच्या आकाराने ती ताकद अधिक फुगवून दाखविली.

वेगळ्या पद्धतीचे एक उदाहरण नाशिकच्या पदवीधरांच्या परिचयाचे आहे. विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली जाते. येथे तिसऱ्याला पहिली पसंती देऊनही मत वाया जात नाही. मोजणी लांबते, रात्र जाते. पण मतदाराला मनातले लपवावे लागत नाही.

न्यूझीलंडने तर अख्खी पद्धतच बदलली. तेथे १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला सुमारे २१ टक्के मते पडली आणि ९२ पैकी दोन जागा मिळाल्या. १९७८ आणि १९८१ या दोन्ही वेळा देशभरात मजूर पक्षाला अधिक मते मिळूनही सरकार नॅशनल पक्षाचे आले. लोकांचा असंतोष वाढत गेला, १९९३ मध्ये सार्वमताने नवी पद्धत स्वीकारली गेली आणि १९९६ पासून तेथील संसदेत अनेक पक्ष दिसू लागले. ही किंमत न मोजता मिळालेली गोष्ट नव्हे. तेथे आता एका पक्षाला बहुमत मिळणे दुर्मीळ झाले असून सरकार बनविण्यासाठी निकालानंतर वाटाघाटी कराव्या लागतात.

वाटाघाटी तर आपल्याकडेही होतातच. फरक एवढाच, की त्या मतदानापूर्वी बंद दाराआड होतात आणि त्यांत कोणाकडे किती मते आहेत याचा केवळ अंदाज असतो. जेथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तेथे मतदार आधी प्रत्येकाचे वजन ठरवितो आणि मग नेते बोलणी करतात.

निवडणूक पद्धत बदलण्याची इच्छा सत्तेवर असलेल्यांना क्वचितच होते. कारण ते त्याच पद्धतीने निवडून आलेले असतात. तोपर्यंत दोन गटांचे राजकारण महाराष्ट्रात राहणार, असे धरून चालावे. पण दोन पर्यायांचे बंधन स्वीकारले, म्हणून ते दोन पर्याय इतरांनी ठरवावेत, हेही स्वीकारले पाहिजे असे नाही. उमेदवार निवडताना पक्षाच्या स्थानिक सदस्यांचे मतदान घ्यावे, ही मागणी करण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पक्षांच्या कार्यालयांवर मतदारांचा रेटा लागतो. तो तिकिटे वाटून झाल्यावर देऊन उपयोग नाही. त्याची वेळ निवडणुकीच्या आधी असते.